पाहुण्याला आधी पाणी विचारतात ना?

मा. संपादक,
सा.न.वि.वि.

पत्र लांब होणार आहे हे आधीच सांगतो. जागा नसेल तर कापा, पण काय कापायचं ते शेवटी लिहिलंय, तेवढं वाचून मगच कात्री लावा.

गेल्या वर्ष-दोन वर्षांत आपल्या संभाजीनगरच्या नावाने रोज काही ना काही छापून येतंय. टोयोटा येणार, इलेक्ट्रिक स्कूटरवाली एथर येणार, जेएसडब्ल्यू येणार, इतके हजार कोटी अन् तितके हजार जॉब. वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, टपरीवर पेपर आला की सगळ्यात आधी मीच ओढतो. पण त्या बातम्यांच्या खाली कारणांची यादी असते ना, उद्योगांना हे शहर का आवडतंय त्याची, समृद्धी महामार्ग, ऑरिक या नव्या औद्योगिक वसाहतीची जमीन, कुशल मनुष्यबळ आणि मुबलक पाणी, तर त्यातलं ते शेवटचं आमच्या घरात मोठ्याने वाचायची सोय नाही. बायको हसते आणि मग चिडते.

मी वाळूजला छोटं वर्कशॉप चालवतो. चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी लेथ), दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन), एक जुनं लेथ जे विकवत नाही, आणि बावीस माणसं. बुश, पिन, शाफ्ट असलं टर्निंगचं, म्हणजे लेथवर कातायचं काम. आमचा माल एका मोठ्या व्हेंडरकडे (गाड्यांच्या कंपनीला पार्ट पुरवणाऱ्याकडे) जातो आणि तिथून पुढे गाडीत. मूळचा गंगापूर तालुक्यातला, आयटीआय टर्नर, १९९४ ला दुसऱ्याच्या शेडमध्ये हेल्पर म्हणून लागलो, दहा-बारा वर्षांनी भाड्याच्या शेडमध्ये स्वतःची दोन लेथ टाकली. म्हणजे इथल्या औद्योगिक वाढीवर भाषण देता येणार नाही मला, पण ती वाढ अंगावरून गेलीये.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं पण कोणी नीट सांगत नाही. सगळे जमिनीचे एकर सांगतात. जमीन काय, ती इंदूरजवळ पण आहे आणि गुजरातेत साणंदला पण. आपल्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे पैसे टाकून पण दोन वर्षांत उभं राहत नाही. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. कस्टमरचा संध्याकाळी साडेपाचला फोन, आठशे पिन सकाळच्या शिफ्टला लागतील, लाईन थांबायला आलीये. टर्निंग माझ्याकडे सुरू केलं, पहिले दोनशे निघाले तसे हार्डनिंगला शेजारच्या सेक्टरमध्ये पाठवले, तिथून ग्राइंडिंगला तिसरीकडे, प्लेटिंगवाल्याला घरी फोन करून उठवलं, त्याने शिव्या दिल्या आणि भट्टी, सॉरी, बाथ चालू केला. सकाळी पावणेसातला माझा पोरगा छोटा हत्ती घेऊन कस्टमरच्या गेटवर उभा होता. पोरगा म्हणजे माझा मुलगा नाही, हेल्पर, आम्ही सगळ्यांना पोरगाच म्हणतो. हे सगळं आठ-दहा किलोमीटरच्या आत झालं. टूल तुटलं तर तासाभरात दुसरं मिळतं, फिक्श्चर (मशीनवर पार्ट पकडायचा साचा) बनवून हवं तर चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूममधून शिकलेली पोरं स्वतःचे धंदे टाकून बसलीयेत, ज्यांच्या हाताला मायक्रॉन कळतो. कुठल्या गुंतवणूक परिषदेच्या चकचकीत पुस्तिकेत हे असतं का? मी तरी बघितलं नाही.

आणि हे एका दिवसात झालेलं नाही. स्टेशनजवळची एमआयडीसी आणि चिकलठाणा जुनी, पण खरा फरक पडला तो १९८५ ला वाळूजला बजाज आली तेव्हा. आमच्या गावात तेव्हा "बजाज" हे कंपनीचं नाव नव्हतं, नोकरीचंच नाव होतं, म्हणजे मुलगा बजाजमध्ये आहे म्हटलं की पोरीच्या बापाचे पुढचे प्रश्न संपायचे. आज जगभर फिरणाऱ्या बजाजच्या रिक्षा वाळूजला बनतात. बजाजच्या मागे व्हेंडर आले, त्यातले काही इथेच लहानाचे मोठे झाले, एन्ड्युरन्स त्याच १९८५ साली इथे सुरू झाली आणि आता तिचे कारखाने इटली-जर्मनीत आहेत. व्हॅरॉक पण इथलीच. त्या मोठ्या व्हेंडरांच्या मागे मधले, मधल्यांच्या मागे आमच्यासारखे. नंतर शेंद्र्याला २००१ ला स्कोडा आली, मग ऑडी. तेव्हा सगळे म्हणायचे आशियातलं सगळ्यात फास्ट वाढणारं शहर आहे हे. कोणी मोजलं होतं देव जाणे, पण म्हणताना छाती फुगायची.

२०१० चं आठवतंय का? शहरातल्या लोकांनी ग्रुप करून एकाच दिवशी दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या, पासष्ट कोटींचा सौदा, बँकेकडून व्याजदर पाडून घेतला. देशभर बातमी झाली. उद्योजक, बिल्डर, डॉक्टर सगळे होते त्यात. मी तेव्हा क्रांती चौकात सिग्नलला स्प्लेंडरवर उभा होतो आणि समोरून एकापाठोपाठ एक चकाचक गाड्या गेल्या, मागे माझ्याच लाईनचा एक जण ओरडला, अरे गाड्या जर्मनीच्या अन् खड्डे आपलेच. आज पंधरा वर्षांनी पण त्या वाक्यात फार दुरुस्ती करावी लागत नाही.

आता ऑरिक. तिकडे मी दोनदा गेलोय, एकदा कामाने आणि एकदा नुसतं बघायला, बायकोला घेऊन, लोक लेणी बघायला जातात तसं. शेंद्रा आणि बिडकीन मिळून दहा हजार एकर, रुंद रस्ते, वायरी-पाईप सगळं जमिनीखाली, कुठे खांब दिसत नाही. ऑरिक हॉलचं उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांनी केलं होतं. ह्योसंग म्हणून कोरियन कंपनी आहे तिथे, कपडे ताणले जातात ते स्पँडेक्सचं सूत बनवतात. (ऑरिक म्हणजे औरंगाबाद इंडस्ट्रियल सिटी, शहराचं नाव बदललं पण फुलफॉर्म आता कोणी विचारत नाही, तो विषय जाऊ द्या.) २०२४ च्या जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्करने करार केला वीस हजार कोटींचा, बिडकीनला. एथरने तीच वाट धरली, लुब्रिझॉल या केमिकल कंपनीने एकशेवीस एकर घेतले, जेएसडब्ल्यूची इलेक्ट्रिक गाड्यांची घोषणा झाली. वरून समृद्धी, ७०१ किलोमीटर, २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा तुकडा पण सुरू झाला, शहराजवळ माळीवाड्याला चढलं की थेट भिवंडीजवळ उतरता येतं. पूर्वी आमचा मुंबईचा माल संध्याकाळी निघाला की ड्रायव्हर कसारा घाटाच्या नावाने बोटं मोडायचा.

म्हणजे पोरगी दिसायला चांगली आहे, शिकलेली आहे, घर पण मोठं आहे. मग अडतंय कुठे?

आपल्याकडे पाहुणा उंबऱ्यातून आत आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात, जुन्या घरांत सोबत गुळाचा खडा. मग बाकीचं बोलणं. आपण उलटं करू राहिलो. पाहुण्याला आधी बंगला दाखवतोय, गच्ची दाखवतोय, पार्किंग दाखवतोय, आणि त्याने पाणी मागितलं की एकमेकांकडे बघतोय.

पैठणचं जायकवाडी धरण इथून पन्नासेक किलोमीटर. १०२ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरण, १९७६ पासून उभं आहे, राज्यातल्या मोठ्या धरणांपैकी एक. आणि शहराला पाणी कधी पाच दिवसांनी, कधी आठ, उन्हाळ्यात त्याच्याही पुढे. आता यातली गंमत ऐका. एमआयडीसीची जायकवाडीवरून वेगळी योजना आहे, त्यामुळे माझ्या शेडला नळाला पाणी रोज. म्हणजे माझ्या मशीनच्या कूलंटला पाणी रोज मिळतं आणि ती मशीन चालवणारा जो सिडकोत नाहीतर जुन्या शहरात राहतो त्याला आठवड्याने. आमच्याकडे "पाण्याचा दिवस" असा शब्दच तयार झालाय, जसा सोमवार-मंगळवार. पाण्याच्या दिवशी माझी बायको कुठल्या लग्नाला जात नाही. माझा सीएनसीचा सगळ्यात भरवशाचा ऑपरेटर महिन्यातून तीन-चारदा सकाळच्या शिफ्टला उशिरा येतो, कारण पाणी पहाटे येतं आणि घरात मोटर लावायला तोच एक आहे. मी त्याचा हाफ डे कधी लावत नाही, लावणार कुठल्या तोंडाने, त्या दिवशी मी पण उशिराच येतो.

डिसेंबर २०२० मध्ये नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, १६८० कोटींची. पुढे ती २७४० कोटींवर गेली. अडीच मीटर व्यासाचा पाईप, माणूस आत उभा राहील एवढा. पैठण रोडने जाताना ते पाईप रस्त्याच्या कडेला पडलेले आम्ही किती तरी दिवस बघितलेत, पोरं त्यात लपाछपी खेळायची. मुदती किती झाल्या ते तुमच्याच जुन्या अंकांत आहे, मी मोजत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या महिन्यात वीस हजार कोटींचा करार होतो त्या महिन्यात पण नळाकडे बघत बसणारे आम्ही तेच, आणि बाहेरून येणारा माणूस या दोन्ही बातम्या वाचतो. त्याच्या मोबाईलवर पण इंटरनेट आहे.

आणि धरणात पाणी आहे म्हणजे प्रश्न मिटला असंही नाहीये. २०१६ ला जायकवाडी मृतसाठ्यात गेलं होतं, म्हणजे तळाचंच पाणी उरलं होतं. तेव्हा हायकोर्टाने बिअर आणि दारूच्या कारखान्यांचं पाणी साठ टक्के कापायला लावलं, बाकीच्या उद्योगांचं पण कापलं गेलं. बरोबरच होतं, माणसं तहानलेली असताना बिअर कसली. पण ज्याला इथे शे-दोनशे कोटी टाकायचेत तो हा इतिहास वाचणारच ना? २०२३ मध्ये पण नाशिक-नगरच्या धरणांतून खाली साडेआठ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला आणि वरचे विरुद्ध खालचे असा तमाशा झाला, कोर्टकचेऱ्या, रास्ता रोको. हा गोदावरीचा भांडणतंटा पाऊस कमी झाला की दर वेळी निघतो. त्याचं कायमचं काय ते एकदा लिहून ठरवा, टीएमसीमध्ये, तारखेसकट. मग ते कागद दावोसच्या गुंतवणूक परिषदेला न्या.

पाण्याचं एवढं का लावून धरलंय? कारण एक अनुभव आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका कस्टमरकडे (नाव घेत नाही) पुण्याजवळच्या चाकणहून नवे प्लँट हेड आले. माणूस एकदम सज्जन, आमच्यासारख्या छोट्या व्हेंडरला पण खुर्ची देऊन बोलणारा. फॅमिलीला इकडे आणायचं म्हणून घर शोधत होते, मला म्हणाले तुम्ही लोकल आहात, जरा सोबत चला. चार दिवस फिरलो. वहिनी सोबत होत्या, त्यांनी फ्लॅटच्या टाईल्स बघितल्या नाहीत की व्ह्यू बघितला नाही, प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न. शाळा कुठली, पाणी कसं येतं, आणि माहेरी चेन्नईला जायचं तर विमान कुठून. एजंट सगळीकडे म्हणायचा, चोवीस तास पाणी आहे मॅडम. तिसऱ्या दिवशी वहिनींनी विचारलं, बोअरचं का टँकरचं? तो गप्प. तेवढ्यात खाली टँकर येऊन उभा राहिला आणि वॉचमन पाईप ओढत निघाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, जसं काय टँकर मीच मागवला होता.

साहेब आता कंपनीच्या गेस्ट हाऊसवर एकटे राहतात. शुक्रवारी चार वाजले की गाडी काढतात, सोबत त्यांच्यासारखेच तीन-चार जण, सगळे पुण्याला. सोमवारी सकाळी उगवतात. पगार इथे होतो, खर्च तिकडे होतो. पोरांच्या फिया तिकडे, हॉटेल तिकडे, फ्लॅटचा हप्ता तिकडे. हे एकटे नाहीत, शुक्रवारी संध्याकाळी नगर रोडला उभे राहून एमएच १२ आणि एमएच १४ च्या गाड्या मोजा नुसत्या. कारखाना आला पण कारखाना चालवणारा आला नाही, असं झालंय. आणि यात पुढचा तोटा मोठा आहे तो कोणी बोलत नाही. कंपनीला दुसरी लाईन टाकायची असते तेव्हा इथे टाकायची का चाकणला का अजून कुठे, त्या मीटिंगमध्ये हेच साहेब बसलेले असतात. त्यांच्या मनात काय येणार? माणूस आहेत शेवटी, घराजवळचंच येणार. बजाजचं हेड ऑफिस पुण्याजवळ आकुर्डीला, प्लँट वाळूजला, चाळीस वर्षं झाली. आपल्याकडे हात आले, डोकं तिकडेच राहिलं.

आणि आपलं स्वतःचं डोकं पण तिकडेच जातंय. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज इथे १९६० पासून आहे, दर वर्षी पोरं पास होतात आणि बॅगा भरतात. माझा मुलगा (हा खरा मुलगा) हिंजवडीला आहे. रविवारी रात्री ट्रॅव्हल्सच्या बसला जी गर्दी असते ती बघून कोणाला वाटेल पुण्याला जत्रा आहे. मी त्याला म्हटलं, एवढ्या कंपन्या येऊ लागल्या, ये की परत. तो म्हणाला, पप्पा त्या कंपन्यांत माझं काम नाहीये, तिथे बनवायचं काम आहे, माझं डिझाईनचं आहे. बरोबर आहे त्याचं.

आता स्वतःच्या पोटाचं बोलतो, कारण याच्यावर तुमच्या पेपरात पण कमी येतं. येणारी बरीचशी गुंतवणूक इलेक्ट्रिक गाड्यांची आहे. चांगलं आहे, हवा स्वच्छ राहील. पण इलेक्ट्रिक स्कूटरला पिस्टन नाही, सायलेन्सर नाही, क्लच नाही, कनेक्टिंग रॉड नाही. मी जे पार्ट बनवतो त्यातले निम्म्याच्या वर इंजिनच्या आजूबाजूचे आहेत. म्हणजे एथरच्या बातमीला मी टाळ्या वाजवतोय आणि पायाखालून माझीच चटई ओढली जातीये. आमच्या सेक्टरमध्ये मी एकटा नाही, इंजिन-गिअरबॉक्सवर जगणारे शेकड्याने असतील. टोयोटा हायब्रिड पण बनवणार असं सांगितलं जातंय, हायब्रिडला इंजिन असतं, म्हणून आम्ही टोयोटाकडे विठ्ठलाकडे बघावं तसं बघतोय. पण जपानी कंपनी येते तेव्हा तिचे ठरलेले सप्लायर सोबत येतात, त्यांच्या खालच्या पायरीला आम्हाला घेणार का, त्यांना काय क्वालिटी लागते, कुठलं सर्टिफिकेट लागतं, हे आम्हाला आत्ता कळलं तर दोन वर्षांत तयारी होईल. प्लँट सुरू झाल्यावर कळलं तर तोपर्यंत ते काम दुसऱ्याच्या हातात गेलेलं असेल. चाळीस वर्षांत तयार झालेलं हे जे व्हेंडरांचं जाळं आहे, तेच विकायला नेतो आणि तेच मरू देतो, असं होऊ नये.

मी एकदा एका कार्यालयात हेच विचारायला गेलो होतो की साहेब नवीन कंपन्यांना लागणाऱ्या पार्टची यादी कुठे मिळेल. तिथल्या माणसाने मला एक रंगीत पुस्तिका दिली. त्यात मुखपृष्ठावर वेरूळचं कैलास लेणं, आत सूर्यास्त, हसणाऱ्या पोरी हेल्मेट घालून. यादी नव्हती. पुस्तिका घरी टीपॉयवर आहे, पाहुणे चाळतात.

दोन-तीन गोष्टी पटकन. रेल्वे. मनमाड ते हैदराबाद ही लाईन निजामाच्या काळात १९०० साली टाकली, आणि सव्वाशे वर्षं झाली तरी आपण अजून दुहेरीकरणाच्या बातम्या वाचतोय. वंदे भारत आली, आनंद आहे, पण समोरून गाडी आली की कोणाला तरी साईडिंगला थांबावं लागतंच. विमान. वहिनींना चेन्नईचं उत्तर मी देऊ शकलो नाही, एवढंच लिहितो. लाईट. जूनचं पहिलं वारं सुटलं की ट्रिपिंग सुरू, स्पिंडल (मशीनचा फिरणारा भाग) कट घेताना मध्येच थांबला की पार्ट पण गेला आणि इन्सर्ट (कापणारं टोक) पण गेलं.

आणि दादागिरी. हे लिहिताना दोनदा विचार केला, पण लिहितो. नवीन कंपनीचं कंपाऊंड उभं राहायच्या आधी तिच्या गेटवर कोण पोचतं माहिती आहे ना सगळ्यांना? मुरूम भरायचं काम आमच्या माणसाला द्या, लेबरचं कॉन्ट्रॅक्ट आमच्या माणसाला द्या, स्क्रॅप आमच्या माणसाला द्या. सगळ्या रंगांचे झेंडे आहेत यात, मी कोणा एकाचं नाव का घेऊ. ज्या शेतकऱ्याची जमीन गेली, बिडकीन-शेंद्र्याच्या लोकांची एकरी तेवीस लाखांनी गेली, त्याच्या पोराला काम मिळालंच पाहिजे, त्यात वादच नाही, तो हक्क आहे त्याचा. पण गेटवर उभा राहणारा बहुतेक वेळा तो पोरगा नसतोच. आणि ९ ऑगस्ट २०१८, बंदच्या दिवशी वाळूजमध्ये कंपन्यांची तोडफोड झाली, जाळपोळ झाली. कोणी केलं, कोण घुसलं होतं, त्यात मी जात नाही. दुसऱ्या दिवशी शेड उघडायला गेलो तेव्हा रस्त्यावर काचांचा खच होता, एका परदेशी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाला खुर्चीत नुसता बसून होता, तो म्हातारा माझ्या गावाकडचा. मला म्हणाला, भाऊ, यांना इथे आणायला किती वर्षं लागली असतील रे. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मोठे लोक म्हणतील, अहो तुम्ही शहराची बदनामी करू राहिले, बाहेरचे वाचतील तर काय म्हणतील. बाहेरच्याला सगळं माहिती असतं. तो जाहिरात बघून येत नाही, तो आधीपासून इथे असलेल्याला फोन करतो. कसं आहे तिकडे, लेबर कसं आहे, काही त्रास? मला स्वतःला असे दोन फोन आलेत, एक राजकोटवरून, एक कोईमतूरवरून, आमच्याच लाईनचे लोक, मशीनच्या प्रदर्शनात ओळख झालेले. मी दोघांना काय सांगितलं? कामगार एक नंबर आहेत, सकाळी हिशोब चुकवणार नाहीत, रात्री दोनला बोलावलं तर येतील, हार्डनिंगपासून पॅकिंगपर्यंत सगळं जवळ आहे, बिनधास्त या. राजकोटवाल्याने विचारलं, और रहने का? मी म्हटलं, फॅमिली बाद में लाना.

तर तुमच्याकडे माझी एकच विनंती आहे, सरकारकडे नाही, तुमच्याकडे. गुंतवणुकीची बातमी पहिल्या पानावर मोठी छापता ना, जरूर छापा. त्याच्या शेजारी रोज एक छोटी चौकट टाका, दोन बोटं रुंद, जास्त नको. आज कुठल्या भागात कितव्या दिवशी पाणी आलं. सिडको, हडको, गारखेडा, जुनं शहर, सातारा-देवळाई, आणि शहराबाहेरचं पण, रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर, वडगाव, बजाजनगर, जिथे वाळूजचा खरा कामगार राहतो आणि जार विकत घेऊन पाणी पितो. आकडा नुसता, खाली टीका-टिप्पणी काही नको. ज्या दिवशी सगळ्या भागांसमोर "रोज" छापून येईल त्या दिवशी मी स्वतः त्या चाकणवाल्या साहेबांना तो अंक नेऊन देईन, वहिनींना दाखवा म्हणून. बाहेरून डेलिगेशन आलं तर एक तास आमच्या सेक्टरला पण आणा, ऑरिक बघून झालं की. चहा मी पाजतो, मशीन बघतील, पोरांशी बोलतील. शेडच्या नळाला पाणी आहेच.

कापायचं तर ते मर्सिडीजचं कापा, स्प्लेंडरसकट, माझी हरकत नाही. बजाजचं पण थोडं कमी केलं तरी चालेल, सगळ्यांना माहितीच आहे ते. पाण्याचं आणि त्या पार्टच्या यादीचं मात्र कापू नका.

आपला,
एक लघुउद्योजक, वाळूज
छत्रपती संभाजीनगर